खिडकीजवळचं टेबल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आज पुन्हा कॉफी सांडली. अर्धी बशीत, थोडी बायकोच्या टोस्टवर. आठ महिने लिहीन लिहीन म्हणत होतो, आता लिहूनच टाकतो.

घरापासून चालत जाता येईल असा हा कॅफे. सुटीच्या दिवशी साडेदहाला आम्ही दोघं हजर. मेन्यू अशा ठिकाणी असतो तोच, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. मुद्दा खिडकीजवळच्या टेबलाचा. ते डुगडुगतं. मी टोस्टला सुरी लावली की माझ्याकडे कलतं, बायकोने कोपर टेकलं की तिच्याकडे. अंडं कापताना दोघांपैकी एकाने टेबल धरून बसायचं, हा आमचा ब्रंच, म्हणजे उशिराचा नाश्ता आणि जेवण एकत्र.

कागदी नॅपकिनची आठपदरी घडी पायाखाली सारली की तासभर भागतं. पण रात्री झाडताना ती केरात जाते. मग मी घरून बाटलीच्या बुचाची चकती कापून नेली. तीही गेली. दुसरी कापली, ती आता बायकोच्या पर्समध्ये असते आणि उठताना आठवणीने परत घेतो.

ब्रंच या शब्दाची जाहीर वकिली १८९५ साली एका इंग्रज लेखकाने केली. शनिवारी रात्री जागणाऱ्यांची सोय हा त्याचा एक मुद्दा होता. टेबल हलणार नाही, हे त्याने गृहीत धरलं असावं.

खाण्याबद्दल थोडं. पोच्ड अंडं, म्हणजे फोडून गरम पाण्यात शिजवलेलं, इथे बहुतेक वेळा उत्तम. पांढरं नीट धरलेलं, पिवळं वाहतं. मात्र कडेला चिंध्या दिसल्या तर अंडं ताजं नाही असं मी धरतो, कारण जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होऊन पाण्यात पसरतं. आठ महिन्यांत असं दोनदाच झालं. हॉलंडेज साडेबारानंतर मागवू नका. अंड्याच्या बलकात लोणी धरून ठेवणारा तो सॉस जास्त तापला की फुटतो, आणि गर्दीच्या वेळी तो शेगडीजवळ किती वेळ बसलेला असतो कोण जाणे.

कॉफीबाबत माझं मत बदललं आहे. पहिले दोन महिने ‘कोमट देता’ म्हणून मी कुरकुर केली. एकदा हट्टाने कडकडीत गरम मागवली, तर दुधाला जळकट वास आणि गोडवा गायब. दूध साठ-पासष्ट अंशांवर थांबवतात ते उगीच नाही. चूक माझी होती.

टेबलाबाबत मात्र चूक माझी नाही, असं काल दुपारपर्यंत वाटत होतं. वर ‘आज’ म्हटलंय ते शनिवारचं. इथवर लिहून ठेवलं आणि रविवारी सकाळी पुन्हा गेलो, तक्रार करायच्या तयारीनेच. कुठेतरी वाचलं होतं की फरशी उंचसखल असली तरी चौरस टेबल जागच्या जागी फिरवत गेलं तर पाव फेरीच्या आत चारही पाय टेकतात. गणितात त्याची सिद्धता आहे. वेटर पोरगा बघत असताना मी टेबल फिरवलं. पाव फेरी झाली, अर्धी झाली, डुगडुग तशीच. शिवाय कोपरा वाटेत आला आणि तिघांना लागला.

सिद्धतेला एक अट आहे: चारही पायांची टोकं एका पातळीत हवीत. म्हणून खाली वाकलो. प्रत्येक पायाखाली फिरवता येणारी बुटकी चकती, मधून स्क्रू. तीन सारख्या, चौथी पूर्ण आत गेलेली. हाताने दोन-तीन वेढे उलटे दिले. टेबल गप्प. आठ महिने, दोन बुचं आणि नॅपकिन किती ते सोडाच.

मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, ‘हो सर, ते फिरतं.’ म्हणजे माहीत होतं! एक तारा त्याबद्दल कापला. उरलेले चार अंड्यांना.

निघताना वेटरने विचारलं, ‘सर, पुढच्या वेळी दाराजवळचं पण बघाल का?’ कॉफीचे पैसे लावणार नसतील तर बघेन, म्हटलं. तो आत विचारून येतो म्हणाला, अजून आलेला नाही.