पीआरव्ही: स्प्रिंगचा की पायलटचा?

उंच इमारतीत पीआरव्ही, म्हणजे पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, लागतोच. टेरेसच्या टाकीपासून दहा मीटर खाली आलं की साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर वाढतं. वीस मजल्यांच्या इमारतीत तळाला ते सहा किलोच्या घरात जातं आणि नळांचे वॉशर टिकत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद होतो तो प्रकारावरून: स्प्रिंगवर चालणारा घ्यायचा की पायलटवर.

कागदावर पायलटवाला जिंकतो, हे मान्य. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग तोंड उघडायला बघते, तर व्हॉल्व्हच्या पुढच्या पाण्याचा दाब डायफ्रॅमवर (लवचीक पडद्यावर) येऊन ते मिटवायला बघतो. मागणी वाढली की तोंड जास्त उघडावं लागतं, स्प्रिंग मोकळी होते, तिचा जोर घटतो आणि पुढचं प्रेशरही थोडं उतरतं. सकाळी सातला सगळे आंघोळीला गेले की आमच्याकडे शॉवर किंचित मंदावतो. पायलटवाल्यात पायलट नावाचा छोटा व्हॉल्व्ह मोठ्याच्या डोक्यावरचं पाणी कमीजास्त करून त्याला हलवतो, म्हणून तीन किलोवर लावला की मागणी वाढली तरी तीनच्या आसपासच राहतो.

पायलटवाल्याची खोट कळते ती रात्री. कुठेतरी एखादी फ्लशची टाकी भरत असते. तेवढ्याशा पाण्यासाठी मोठा व्हॉल्व्ह जेमतेम उघडतो, लगेच मिटतो, पुन्हा उघडतो. पाइपांच्या शाफ्टमधून घुर्रघुर्र आणि पाइपाला हादरे. आमच्या जुन्या इमारतीत शाफ्टलगतच्या बेडरूमवाल्यांची झोप उडाली होती. प्लंबरने पायलटचा नीडल व्हॉल्व्ह (मोठ्या व्हॉल्व्हच्या हालचालीचा वेग ठरवणारा) आवळून बघितला. आवाज कमी झाला, गेला मात्र नाही. बायपासवर, म्हणजे शेजारून काढलेल्या लाइनीवर, लहान स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला की थांबतो म्हणे. म्हणजे शेवटी स्प्रिंगचा आलाच! शिवाय पायलटची नळी बारीक. टँकरच्या पाण्यातला गाळ नेमका तिथे अडकतो, आणि ती उघडून साफ करणारा माणूस दरवेळी मिळेलच असं नाही.

नव्या इमारतीत आम्ही थोड्या थोड्या मजल्यांचे गट पाडून प्रत्येकाला लहान स्प्रिंगचा व्हॉल्व्ह दिला. शॉवरची तक्रार अजून कुणी केलेली नाही, निदान माझ्याकडे तरी. तुमच्याकडे एकाच जाड लाइनीवर बरेच मजले असतील आणि शाफ्ट बेडरूमपासून लांब असेल, तर पायलटचा विचार जरूर करावा.

कोणताही घेतलात तरी आधी गाळणी आणि पुढे गेज लावून घ्या. दिवसा तीन दाखवणारा काटा रात्री पाणी थांबल्यावर पाचाकडे सरकू लागला, तर आधी सीटवर (व्हॉल्व्हचं तोंड मिटतं त्या जागी) कचरा अडकलाय का ते बघायला सांगा.