तलवार, फिरंग की कटाना? आधी मूठ धरून बघा

शिगमा जवळ आला की गोव्यातल्या आमच्या सत्तरीत माणसांच्या कमरेला लाकडी घोडे बांधले जातात आणि एरवी बँकेत, पंचायतीत नाहीतर बसच्या स्टिअरिंगवर असणारे हात तलवार धरतात. यंदा घोडेमोडणीत, म्हणजे या घोड्यांच्या नाचात, माझा भाचा पहिल्यांदाच उतरणार आहे. मंडळाची तलवार त्याला नको. स्वतःची हवी. नाचून झाल्यावर ती पर्वरीच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर शोभली पाहिजे आणि खंडेनवमीला पूजेतही मांडता आली पाहिजे. एका तलवारीकडून तीन कामं! मोबाइलवर त्याने चार फोटो पाठवले: वाकडी तलवार, मराठा फिरंग, दांडपट्टा आणि जपानी कटाना. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, खंयची घेऊं?"

मंडळाच्या तलवारी घासून, तेल लावून ठेवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे फोटो बघून मत द्यायची माझी सवय मोडली आहे. तलवार डोळ्यांना आवडते आणि हाताला नावडते, असं फार वेळा होतं.

वाकड्या तलवारीचंच घ्या. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: मूठ लहान आहे, चार बोटं नीट मावत नाहीत आणि मागची वाटीसारखी चकती मनगटाला टोचते. मग शेजारचा कोणीतरी ज्ञानी सांगतो की पूर्वीची माणसं लहानखुरी होती. काहीतरीच! ती मूठ मुद्दाम तशी केलेली असते. हात लांब करून भोसकायला गेलात तर चकती मनगटात रुतते. तेच खांद्यातून हात फिरवत तलवार आपल्याकडे ओढत आणलीत तर चकती मनगटाला बरोबर वळण लावते. विळीवर इसवण (सुरमई) कापताना आपण मासा नुसता पात्यावर दाबत नाही, दाबता दाबता ओढतो. वाकड्या पात्याचं सगळं गणित त्या ओढण्यात आहे. घट्ट मुठीत हात एकदा अडकला की पातं हाताचाच पुढचा भाग झाल्यासारखं फिरतं. वजन किलोच्या आसपास, पातं पाऊण मीटरच्या थोडं पुढे. घोडेमोडणीत डाव्या हातात लगाम असतो, उजवा हात एकटाच तलवार फिरवतो आणि ढोल-ताशाच्या ठेक्यावर पुढे-मागे पावलं टाकायची असतात. तिथे हीच तलवार सोयीची.

इराणी शमशेर हिचीच जास्त वाकलेली बहीण. दिसायला फार देखणी. पण जास्त बाक म्हणजे म्यानातून काढणं आणि परत घालणं जास्त किचकट, आणि नाचताना म्यानाशी झटापट करणारा माणूस शूर दिसत नाही. शमशेरीच्या जुन्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, ती मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची. हे पोलाद दक्षिण भारतात, तेलंगणाच्या बाजूला तयार व्हायचं आणि इराणपर्यंत जायचं. आज 'दमास्कस' म्हणून विकतात ते निराळं. बरेचदा दोन प्रकारच्या लोखंडाचे थर जोडलेले असतात, आणि स्वस्तातलं असेल तर नुसती वरून ॲसिडने कोरलेली नक्षी. नक्षीसाठी जादा पैसे मोजण्याआधी हे विचारून घ्या.

आता फिरंग. इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

नावातच सगळं आलं. फिरंग्यांकडून आलेलं पातं म्हणून फिरंग. जर्मनीतल्या सोलिंगेनची, इटलीतल्या जिनोव्याची, स्पेनमधल्या तोलेदोची पाती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि इथल्या कारागिरांनी त्यांना इथली मूठ चढवली. गोवा हे त्या व्यापाराचं मोठं बंदर. १६८३ साली फोंड्याच्या किल्ल्याला पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने वेढा घातला, संभाजी महाराज धावून आले, वेढा उठला आणि पुढे जुव्याच्या बेटावर खुद्द व्हाइसरॉयला कसाबसा जीव वाचवावा लागला. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कमरेला एकाच परदेशी गावात घडलेली पाती लटकत असतील का, हा विचार मला दर वेळी हसवतो. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रं आहेत. पुढच्या वेळी गेलात तर चेहरे सोडा, कमरा बघा. आणि तिथेच ठेवलेल्या वीरगळांवरची शस्त्रंही बघून घ्या, म्हणजे पोर्तुगीज येण्याआधी इथला वीर काय धरून लढत होता त्याचा अंदाज येईल.

फिरंगेचं पातं सरळ आणि लांब, नव्वद सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्तच. घोड्यावरून समोरच्यापर्यंत पोचायला लांबी उपयोगी, आणि सरळ असल्याने भोसकताही येतं. मुठीभोवती रुंद परज, म्हणजे हात झाकणारं लोखंडी कवच, आतून कापडाची गादी, त्यामुळे बोटं झाकलेली राहतात. मुठीच्या मागच्या टोकातून एक जाडसर खिळ्यासारखा दांडा बाहेर येतो. तो शोभेचा नाही. वार जोरात करायचा असेल तर दुसरा हात त्या दांड्यावर येतो आणि एका हाताची तलवार दोन हातांची होते. सरळ पात्याच्या मराठा तलवारीला धोप असंही म्हणतात. पातं बाहेरून आलेलं ती फिरंग आणि इथे घडलेलं ती धोप, असा ढोबळ फरक लोक सांगतात.

२०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाखांना परत आणली. तिचं पातं युरोपीय, एकधारी आणि सरळ. त्यावर सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आणि शेवटी शब्द 'फिरंग'. म्हणजे परदेशी पातं असल्याचं लपवायची कोणाला गरज वाटत नव्हती. मिरवायचीच गोष्ट होती ती.

आमच्या एका नातेवाइकांच्या देवघरात जुनी फिरंग आहे. दसऱ्याला ती बाहेर निघते. परजेतली गादी कधीच विरून गेली, फक्त कडेला लाल सुताचे चार धागे चिकटलेले आहेत. पात्यावर मधोमध पन्हळीसारखी खाच आहे आणि मुठीपासून वीतभर अंतरावर टिकल्यांएवढे गंजाचे पाच खड्डे, अगदी ओळीत. बरीच वर्षं मला वाटायचं की तिथे काही ठोकलेलं असावं. मग एका दसऱ्याला वहिनी पूजा करत होत्या ते बघितलं. दर वर्षी ओल्या बोटांनी हळदकुंकू त्याच जागी लागतं, वर झेंडूचं ओलं फूल दिवसभर राहतं. खड्डे पूजेने पाडलेले होते! आता पूजा म्यानाची होते आणि तलवार शेजारी कोरडी बसते.

पण फिरंग नाचायला द्या म्हणाल तर मी देणार नाही. लांबी गर्दीत नडते, आणि तो मागचा दांडा लाकडी घोड्याच्या झालरीत अडकतो. एकदा अडकलेला मी पाहिला आहे. घोडा, झालर आणि स्वार तिघेही ढोलाच्या पुढ्यात.

दांडपट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे निर्णय सोपा आहे. गुरू असेल तर घ्या, नसेल तर नको. महाराष्ट्राने २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिल्यापासून मागणी वाढलेली दिसते. कोपरापर्यंत लोखंडी खोळ, आत आडवी मूठ, पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. मनगट खोळीत बंद, त्यामुळे सगळा वार कोपर आणि खांद्यातून. ज्याला येतो तो तळहातावरचं लिंबू कापतो आणि हाताला ओरखडा येत नाही. ज्याला येत नाही त्याचं पातं परत फिरून त्याच्याच पोटरीकडे येतं. भिंतीवर लावायचा तर जागाही भरपूर खातो.

भाच्याचा खरा जीव कटानावर होता, आणि त्याला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे धार टिकावी म्हणून पात्याला 'पाणी देणं' म्हणतात, ते जपान्यांनी डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं. पाणी देण्याआधी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. दोन्हींच्या मधे ढगाच्या कडेसारखी एक पांढुरकी रेघ उमटते, आणि पात्याचा बाकही बराचसा त्या बुडवण्यातच येतो. एवढं ऐकलं की कोणीही प्रेमात पडेल. जुन्या गोव्याच्या बोम ज्येझू चर्चमध्ये ज्याचं शव आहे तो सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये इथूनच जपानला गेला. तेव्हा गोव्याला जपान अगदीच परकं नाही, हा भाच्याचा युक्तिवादही मी मान्य केला.

फक्त कटाना दोन हातांनी धरायची असते. लगाम कोण धरणार? आणि बाजारात मिळते ती बहुतेक वेळा कटानासारखी दिसणारी पोलादी पट्टी असते, तिच्यावरची रेघ घासून किंवा ॲसिडने काढलेली. नुसती भिंतीवर लावायची असेल तर चालेल. पण मग तिला कटाना समजून फिरवू नका.

हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका पोराने ऑनलाइन मागवलेली चकचकीत तलवार तालमीला आणली. तिसऱ्या फेरीला त्याने हात वर नेला आणि हातात नुसती मूठ राहिली. पातं उडून माडाच्या आळ्यात जाऊन रुतलं. तिथे दोन मिनिटं आधी पोरं बसली होती. मूठ उघडून पाहिली तर आत पात्याची शेपूट नव्हतीच, पेन्सिलीएवढी सळी वेल्डिंगने चिकटवलेली. अस्सल तलवारीत पात्याचाच भाग निमुळता होत मुठीत शिरतो आणि लाख किंवा राळ वितळवून घट्ट बसवतात. घेताना मूठ डाव्या हातात धरून उजव्या मुठीने मनगटावर हलकी थाप मारा. खुळखुळ आवाज आला तर परत ठेवा. लाखेने बसवलेली तलवार उन्हात तापणाऱ्या गाडीत विसरू नका, लाख मऊ पडते.

रेपियर, म्हणजे युरोपातली बारीक पात्याची सरळ तलवार, कोणी सुचवली तर तिचा हट्ट मात्र चित्रपटांवरून धरू नका. पडद्यावर ती काडीसारखी हलते. खरी एक मीटरभर लांब पात्याची, किलोच्या वर वजनाची आणि भोसकण्यासाठीच बनलेली. आपल्या नाचात, पूजेत तिला काही काम नाही. उलट खांडा घ्यायचाच तर पूजेसाठी घ्या: रुंद, सरळ, दुधारी, टोकाकडे पसरत जाणारा, वजन पुढे. रवळनाथाच्या हातातल्या खड्गाची आठवण देणारं त्याच्याइतकं दुसरं काही नाही. नाचताना मात्र पाच मिनिटांत खांदा भरून येईल.

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं वेगळ्या वर्गात धरतात, आणि अधिसूचित भागात त्यांना परवाना लागतो. घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा आणि नाचासाठी बिनधारेचीच घ्या. शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. विकणाऱ्याकडे परवाना हवा, आणि दुबईच्या भावाला भेट म्हणून ती बाहेर नेता येणार नाही.

आणि गोव्यातला पाऊस. जून ते सप्टेंबर तलवार म्यानात ठेवू नका, लाकूड आणि मखमल ओल धरून बसतात. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ पकडतं. शिवणयंत्राचं तेल, मऊ फडक्याने, पंधरा दिवसांतून एकदा. घामाच्या बोटांचे ठसे लगेच पुसा.

रविवारी भाचा आला. मंडळाची वाकडी तलवार, नातेवाइकांची फिरंग आणि त्याच्या मित्राची कटाना अशा तिन्ही समोर ठेवल्या, त्याच्या कमरेला घोडा बांधला आणि म्हटलं, प्रत्येकी पाच मिनिटं हात डोक्यावर ठेवून दाखव. कटाना दोन मिनिटांत खाली आली. फिरंगेने तीन मिनिटांत झालर शोधली. बिनधारेची वाकडी तलवार ठरली. फिरंगेसाठी तो पैसे साठवतो म्हणाला, आणि मी ऐकून घेतलं. आता घरात फक्त म्यानाच्या मखमलीचा वाद राहिला आहे. ताईला तांबडी हवी, त्याला काळी.