पावडर कोटिंगची सफाई : साबणाचे पाणी की थिनर?

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर रंगाची कोरडी भुकटी फवारून दिलेला थर. तो साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजून पक्का केलेला असल्याने त्याला काहीही चालते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने ग्रीसचा डाग झटपट निघतो, पण तोच द्राव थर मऊ करतो, चकाकी घालवतो, आणि हे नुकसान पुन्हा कोटिंग केल्याशिवाय भरून येत नाही. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याला वेळ लागतो, तरी मऊ फडक्याने पुसून स्वच्छ पाण्याने धुतल्यास थर शाबूत राहतो. कोकण किनाऱ्यावरील यंत्रांसाठी मी निःसंशय साबणच सुचवेन, कारण तिथे खारे कण वारंवार धुवावे लागतात, विशेषतः सांध्यांतले. ओरखडा दिसताच मात्र टच-अप रंग लावावा.