ओळख ठेवणारं सर्च इंजिन की विसरणारं?

मीटिंग चालू होती, माझा स्क्रीन सगळ्यांना दिसत होता आणि मला एक राजपत्र शोधायचं होतं. चौकटीत ‘राज’ एवढंच टाइप केलं, तर खाली पहिलीच ओळ आली: ‘राजीनामा पत्र नमुना’. शेजारी छोटंसं घड्याळ, म्हणजे हे तुम्ही आधी शोधलंय याची खूण. शोधलं होतंच. आदल्या रविवारी, घरी, मोबाइलवर. दोन्हीकडे खातं एकच, म्हणून ते ऑफिसच्या संगणकावर हजर झालं. साहेब काही बोलले नाहीत. राजीनामा मी पुढे दिलाही नाही, पण तेव्हापासून महिनाभर दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून काम केलं. डावीकडे खात्यात लॉग-इन असलेलं, मला ओळखणारं इंजिन. उजवीकडे शोधाचा इतिहास न ठेवणारं.

तुलनेआधी एक गाठ सोडवायला हवी. ‘वैयक्तिक निकाल’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. तुम्ही आत्ता कुठे आहात, कुठल्या भाषेत विचारताय, हातात मोबाइल आहे की संगणक, ही झाली पहिली. त्यासाठी कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. प्रश्न आला, उत्तर दिलं, विषय संपला. दुसरी म्हणजे तुम्ही काल, परवा, गेल्या वर्षी काय शोधलंत त्यावरून निकालांचा क्रम लावणं. त्यासाठी वही ठेवावी लागते. भांडण आहे ते या वहीचं.

गूगलने ही वहीवाली सोय २००५ मध्ये खातेदारांसाठी आणली. डिसेंबर २००९ मध्ये ती लॉग-इन न केलेल्यांनाही लागू झाली, कुकीच्या (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या खुणेच्या) आधारे, १८० दिवसांपर्यंतच्या शोधांवरून. पुढे बोलबाला असा झाला की दोन माणसांना एकाच प्रश्नाचे निकाल म्हणजे दोन वेगळी जगंच दिसतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलवर मोजमाप केलं, तेव्हा वैयक्तिकीकरणामुळे सरासरी ११.७ टक्के निकालांत फरक आढळला, आणि मोजता येण्याजोगी कारणं दोनच निघाली: खात्यात लॉग-इन असणं आणि आयपी पत्ता, म्हणजे ढोबळमानाने ठिकाण. आकडा जुना आहे, तेव्हापासून इंजिनं बरीच बदलली. तरी माझ्या खिडक्यांत जे दिसलं ते याच्या फार लांब नव्हतं.

उदाहरण ‘वृत्त’ या शब्दाचं. मी पंधरा दिवस कवितेच्या छंदांबद्दल वाचत होतो. डाव्या खिडकीत ‘वृत्त’ टाकलं की वरच्या चार दुव्यांत दोन तरी गण-मात्रांचे असायचे. उजवीकडे सरळ बातम्या. इथे डावीकडची बाजू वरचढ, वादच नाही. मग दोन्हीकडे ‘वृत्त लघु गुरू’ असं टाकलं. यादी जवळपास सारखी आली. म्हणजे पंधरा दिवसांच्या नोंदींनी माझं जे काम वाचवलं, ते दोन शब्द जास्त टाइप करण्याचं. महिनाभर असे बरेच शब्द टाकून पाहिले. एकेरी, मोघम शब्दांवर ओळखणारं इंजिन पुढे; प्रश्न नीट मांडला की फरक विरघळतो.

एका बाबतीत मात्र मला वहीची उणीव खरोखर जाणवली. तीन आठवड्यांपूर्वी वाचलेला लेख, ज्याचं नाव आठवत नाही, साइट आठवत नाही, फक्त त्यातला एक तक्ता आठवतो. डाव्या खिडकीच्या इतिहासात तो दोन मिनिटांत सापडला. उजवीकडे पहिल्यापासून शोधत बसावं लागलं. सर्च इंजिनचा उपयोग स्मरणशक्ती म्हणून करणाऱ्यांनी हा तोटा हलका समजू नये. उपाय आहे, बुकमार्क नावाचा, पण तो वेळेवर करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

ठिकाणाचं म्हणाल, तर विसरणारी इंजिनंही आयपी पत्त्यावरून अंदाज बांधून आसपासचे निकाल देऊ शकतात. डकडकगो हे करतं आणि ते ठिकाण साठवून ठेवत नाही असं सांगतं. पण आत्ता उघडं असलेलं औषधांचं दुकान हवं असेल, तर नकाशा जोडलेलं मोठं इंजिनच बरं. उगाच तत्त्वासाठी पायपीट कशाला.

आता वहीची दुसरी बाजू. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधनासाठी म्हणून साधारण साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. काही दिवसांतच पत्रकारांनी एका क्रमांकामागची बाई शोधून काढली, आणि तीही फक्त तिच्या प्रश्नांवरून: गावाचं नाव, आडनाव, दुखणी, कुत्र्याच्या तक्रारी. शोधाच्या वहीतून नाव पुसलं तरी माणूस पुसला जात नाही. त्या चौकटीत आपण जे लिहितो ते डॉक्टरलाही सगळं सांगत नाही. ‘आम्ही माहिती निनावी करतो’ हे वाक्य कुठल्याही धोरणात वाचलं की मला तो क्रमांक आठवतो.

आणि ब्राउझरच्या ‘इनकॉग्निटो’ म्हणजे खासगी खिडकीवर विसंबू नका. ते तुमच्याच ब्राउझरमधला इतिहास पुसतं. समोरच्या इंजिनला किंवा साइटला तुमच्या खुणा दिसायच्या थांबत नाहीत. याच मुद्द्यावर गूगलविरुद्ध २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

विसरणारी इंजिनं सगळी एका माळेचे मणी नाहीत, आणि इथेच निवडताना गोंधळ होतो. डकडकगो २००८ पासून आहे. त्याचे दुवे मुख्यतः बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनकडून येतात आणि जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्याच यंत्रणेतून, त्याही तुमच्यावरून नव्हे तर प्रश्नावरून. स्टार्टपेज नेदरलँड्सचं, ते तुमची ओळख काढून प्रश्न गूगलकडे नेतं, त्यामुळे गूगलच्या निकालांची सवय असलेल्यांना तिथे परकं वाटत नाही. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं, इंडेक्स (म्हणजे वेबवरच्या पानांची सूची) स्वतःचा. ब्रिटनचं मोजीकही स्वतःच्या क्रॉलरवर, म्हणजे पानं फिरून गोळा करणाऱ्या प्रोग्रामवर चालतं, पण आकाराने लहान आहे हे पहिल्या दहा शोधांत कळतं. स्वतःचा इंडेक्स असण्याचा अर्थ एवढाच, की मोठ्या कंपनीने उद्या नळ बंद केला तरी यांचं पाणी सुरू राहील.

विश्वासाचा प्रश्न यांच्याबाबतीतही सुटत नाही. २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं, की डकडकगोच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर (साइटवर पाळत ठेवणारे कोड) अडवले जात नव्हते, कारण मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारात तशी अट होती. आरडाओरडा झाल्यावर ऑगस्टमध्ये धोरण बदललं. हे ब्राउझरबद्दल होतं, सर्च इंजिनबद्दल नाही, पण खासगीपणा हाच ज्यांचा माल, त्यांच्याकडून हे ऐकायला मिळावं ही गंमतच. शिवाय इंजिन कितीही विसरभोळं असलं तरी दुव्यावर क्लिक केलं की तुम्ही त्या साइटच्या हवाली. तिथले ट्रॅकर अडवणं हे ब्राउझरचं काम.

कागी हे सर्च इंजिन वेगळ्या वाटेचं. जाहिराती नाहीत, वर्गणी भरावी लागते. खातं लागतंच, म्हणजे पुन्हा विश्वास आला. शोध खात्याशी जोडत नाही असं ते सांगतात. पण त्यातली एक सोय मला या सगळ्या वादावरचं सगळ्यांत शहाणं उत्तर वाटते: कुठली साइट वर हवी, कुठली खाली, कुठली कधीच नको, हे तुम्ही स्वतः ठरवता. निकाल वैयक्तिकच, पण आवडनिवड तुम्ही सांगितलेली, कुणी पाळत ठेवून ताडलेली नव्हे.

मराठीतून शोधणाऱ्यांना एक तोटा सोसावा लागतो. उजव्या खिडकीत इंग्रजी प्रश्न बिनबोभाट चालले. देवनागरी प्रश्न लंगडले. ‘घर’ला जे सापडतं ते ‘घरासाठी’ला सापडेलच असं नाही, आणि लहान इंडेक्समध्ये मराठी पानं मुळात कमी. पण याचा तुमच्या वहीशी संबंध नाही, हे नीट लक्षात घ्या. मोठ्या इंजिनाला मराठी बरं कळतं ते असंख्य लोकांच्या शोधांमुळे आणि क्लिकांमुळे, एकट्या तुमच्या इतिहासामुळे नाही. म्हणून खात्याबाहेर राहून तेच इंजिन वापरलं, तर मराठीचे निकाल जवळपास तितकेच चांगले येतात.

तेव्हा ठरवायचं कसं? संगणक घरात किंवा ऑफिसात दोघा-तिघांच्या हाताखालून जात असेल, किंवा दुसऱ्यांची गुपितं हा तुमचा धंदा असेल (वकील, पत्रकार, समुपदेशक), तर विसरणारं इंजिन डिफॉल्ट ठेवा, पुढे वाचू नका. स्मरणशक्ती म्हणून इतिहास हवाच असेल, तर गूगलच्या खात्यात ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये जाऊन आपोआप पुसण्याची मुदत बदला. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय आहेत. २०२० नंतरच्या नव्या खात्यांना १८ लागू असतात. मी ३ निवडले. तीन महिन्यांपूर्वीचा तक्ता मला एकदाही शोधावा लागलेला नाही.

डिफॉल्ट बदलायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि त्या कंटाळ्याला किंमत आहे: सफारीत गूगल डिफॉल्ट राहावं म्हणून एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर मिळाले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. सेटिंग्जमध्ये हे काम अर्ध्या मिनिटाचं. पहिला आठवडा चिडचिड होईल, कारण निकालांची मांडणी वेगळी असते आणि डोळे जुन्या जागी जातात. डकडकगोमध्ये प्रश्नाआधी उद्गारचिन्ह आणि ‘जी’ हे इंग्रजी अक्षर टाकलं की तोच प्रश्न गूगलवर जातो. तिथे नियम अर्थात गूगलचेच, म्हणून त्या ब्राउझरमध्ये खात्यातून बाहेर पडून ठेवा. सुरुवातीला मी हे दिवसातून वीसेकदा करायचो. आता चार-पाचदा, आणि ते बहुतेक मराठी प्रश्नच असतात.