ब्लॉकरच्या नावावर कातरलेली स्ट्रिप : टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी सावध राहावं

"भावा, इंजेक्शन चालू आहे न्हवं? मग छाती सुटायच्या आत ब्लॉकर सुरू कर." कोल्हापुरातल्या जिममध्ये टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याची फसवणूक या वाक्यापासून सुरू होते. त्यात निम्मं खरं असतं, म्हणूनच माणूस गळाला लागतो. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉल (स्त्रियांमधलं मुख्य हार्मोन) बनवतं; ब्लॉकर म्हणजे हे रोखणारी गोळी. इस्ट्राडायॉल फार वाढलं की स्तनाग्रं हुळहुळतात, मागं गाठ लागते, पाय सुजतात. पण हाडांना, सांध्यांना आणि कामेच्छेला पुरुषालाही इस्ट्राडायॉल लागतं, हे विकणारा सांगत नाही.

हातात येते ती कातरलेली स्ट्रिप. खोकं नाही, बिल नाही, बॅच नंबर आणि मुदतीची कड नेमकी कापलेली. सांगतात अॅनास्ट्रोझोल, रोज 1 मिलिग्रॅम. हा डोस पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगातला आहे. टीआरटीत, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्याला ते बाहेरून देण्याच्या उपचारात, ही गोळी सरसकट देतच नाहीत. गरज पडलीच तर डॉक्टर अर्धी गोळी आठवड्यातून एक-दोनदा देतात. रोज एक घेतली आणि गोळी खरी निघाली, तर इस्ट्राडायॉल तळाला जातं, गुडघे-खांदे दुखतात, इच्छा मरते. मग तोच गडी म्हणतो, "डोस कमी पडतोय, वाढव," आणि सोबत सांध्यांची पावडर गळ्यात मारतो. गोळी खोटी निघाली तर त्याहून वाईट: गाठ वाढत राहते, आणि वर्षभरात ती घट्ट झाली की औषधानं जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

रिपोर्टमध्येही हातचलाखी असते. इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत, हार्मोन चढलेला असताना रक्त घेतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. तुलना करायची तर प्रत्येक वेळी इंजेक्शनच्या चक्रातल्या त्याच दिवशी रक्त द्या. इस्ट्राडायॉलची चाचणी एलसी-एमएस/एमएस या जास्त अचूक पद्धतीनं मागा. साधी चाचणी पुरुषांच्या कमी पातळीत चुकते. आणि मुळात उपचार सुरू झाले ते सकाळी घेतलेल्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या रिपोर्टवर का, हे तपासा. संध्याकाळी टेस्टोस्टेरॉन खाली येतं, त्यावर कुणालाही रुग्ण ठरवता येतं.

खरा उपाय बहुतेक वेळा गोळीत नसतोच. 250 मिलिग्रॅम एकदम तीन आठवड्यांनी घेतलं की आधी उसळी, मग घसरण. तीच एकूण मात्रा आठवड्याला विभागली की शिखर ठेंगणं होतं. पोट उतरलं की अरोमाटेजही कमी होतं. हे बदल एंडोक्रिनॉलॉजिस्टकडूनच (हार्मोनच्या डॉक्टरकडूनच) करून घ्या. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं तर आधी इंजेक्शन थांबवतात. मूल हवं असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा, कारण बाहेरचं टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतू बंद पाडतं आणि ब्लॉकर घेऊन ते परत येतील असं समजू नका.

गोळ्या आधीच घेत असाल तर उरलेली स्ट्रिप, पाकीट आणि पैसे दिल्याचा फोनवरचा मेसेज जपून ठेवा. स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. औषध विकणाऱ्यानं बॅच नंबर लिहिलेलं बिल दिलंच पाहिजे; ते न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.