ग्रीनमेडो की हॉलिन हिल्स? घर पाहण्याआधी बाहेरची जमीन पाहा

नोकरी पालो आल्टोत घ्यायची की वॉशिंग्टनजवळ, हे अजून ठरायचंय. पण घर मात्र १९५०च्या दशकातलं, काचेच्या भिंतींचं आणि बसक्या छपराचंच हवं, असं ज्यांचं पक्कं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. समोर दोन वसाहती ठेवल्या आहेत. एक कॅलिफोर्नियात पालो आल्टोमधली ग्रीनमेडो, दुसरी व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीतली हॉलिन हिल्स. फोटोंत दोन्हीकडची घरं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. स्वभाव मात्र अगदी वेगळे आहेत, आणि हा फरक घराच्या आत नाही, बाहेरच्या जमिनीत आहे.

ग्रीनमेडो बांधणारा जोसेफ आयकलर वास्तुविशारद नव्हताच. त्याची उमेदीची वर्षं लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापारात गेली होती. १९४३ साली तो कॅलिफोर्नियातल्याच हिल्सबरोमध्ये, विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटनं आखलेल्या एका घरात भाड्यानं राहायला गेला आणि असं घर साध्या नोकरदाराला का मिळू नये, या विचारानं त्याला घेरलं. पुढे त्यानं कॅलिफोर्नियात सुमारे अकरा हजार घरं बांधली. बिल्डर असूनही तो चांगल्या वास्तुविशारदांना पैसे मोजत होता, हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. आधी ॲन्शेन आणि ॲलन, मग क्विन्सी जोन्स आणि एमन्स, नंतर क्लॉड ओकलंड. ग्रीनमेडो जोन्स-एमन्स यांची, १९५४-५५ची, २४३ घरांची. बागांचा आराखडा थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराचा. मध्यभागी पोहण्याचा तलाव आणि कम्युनिटी सेंटर.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. गोऱ्यांखेरीज इतरांना घरं नाकारण्याची पद्धत सर्रास होती त्या काळात आयकलर कोणालाही घर विकत असे. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेनं भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली नाही म्हणून १९५८ साली त्यानं राजीनामा दिला. घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला तो त्यानंतर दहा वर्षांनी. आज तिथे आपली माणसं राहतात, त्यांनी हे नाव आदरानं घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आयकलरचं घर रस्त्याकडे पाठ करून बसतं. समोर गॅरेज आणि जवळजवळ बंद भिंत. आत गेलात की मागची सगळी बाजू काचेची. मागचं अंगण तुमचं एकट्याचं. ज्याचे फोटो पाहून लोक भुलतात तो आकाशाला उघडा ॲट्रियम, म्हणजे आपल्या वाड्यातला चौकच, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आला. तो ग्रीनमेडोत शोधू नका, सॅन मटेओ हायलँड्स या आयकलरच्याच वसाहतीतली नंतरची घरं पाहा.

हॉलिन हिल्सची गोष्ट उलट. रॉबर्ट डेव्हनपोर्ट या बिल्डरनं डोंगराळ, झाडीची जमीन घेतली आणि चार्ल्स गुडमनला बोलावलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाच्या जुन्या टर्मिनलमागे जो वास्तुविशारद होता तोच हा. गुडमननं उतार सपाट केला नाही. घरं रस्त्याला समांतर न ठेवता तिरकी वळवली, म्हणजे एकाची खिडकी दुसऱ्याच्या खिडकीसमोर येत नाही, झाडंही वाचतात. पहिली घरं १९४९ची, काम १९७१पर्यंत चाललं, एकूण साडेचारशेच्या आसपास. बागांच्या कामात लू बर्नार्ड व्हॉइट आणि डॅन काइली होते. कुंपणं नाहीत. तुमचं अंगण कुठे संपलं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू झालं हे कळू नये, हाच हेतू. ज्याला स्वतःचं, भिंतीआडचं अंगण हवं त्याला इथे चैन पडणार नाही.

आता रोजचं जगणं. आई-वडील भारतातून येऊन सहा-सहा महिने राहणार असतील तर ग्रीनमेडोचं पारडं जड. सगळं एका मजल्यावर. हॉलिन हिल्सची बरीच घरं उतारात रोवलेली, दुमजली; गुडघे दुखणाऱ्याला जिना चुकत नाही, आणि हिवाळ्यात बर्फही असतं. उलट आयकलरच्या घराला पोटमाळा नाही. वायर असो की चिमणीचा डक्ट, लपवायला जागाच नसते. रोज फोडणी घालणाऱ्या घरात बाहेर हवा फेकणारी चिमणी लागतेच, तेव्हा तिचा मार्ग घर घेण्याआधी पाहून ठेवा. स्वयंपाकघर मोकळं असतं, वास बैठकीत जातो.

किमतीत तुलनाच नको, पालो आल्टो कितीतरी महाग आहे. पण कॅलिफोर्नियात घराचं करपात्र मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. फेअरफॅक्स काउंटीत ते बाजारभावाप्रमाणे दरवर्षी नव्यानं ठरतं. वीस वर्षं राहणार असाल तर हा हिशेब कागदावर मांडून पाहा.

नियमांबाबत गैरसमज फार. दोन्ही वसाहती नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या केंद्रीय यादीत आहेत, ग्रीनमेडो २००५पासून, हॉलिन हिल्स २०१३पासून. पण त्या नोंदीमुळे तुमच्या खर्चानं घर बदलायला आडकाठी येत नाही. बांधतात ते स्थानिक नियम. पालो आल्टोत अनेक आयकलर वसाहतींवर दुसरा मजला चढवायला बंदी आहे, कारण शेजारच्या वरच्या खिडकीतून तुमच्या काचेच्या भिंतीआडचं सगळं दिसतं. हॉलिन हिल्सवर काउंटीनं २०२२मध्ये हेरिटेजचे नियम लावले. बाहेरून दिसणारे बरेच बदल काउंटीच्या मंडळाच्या मंजुरीनंच होतात. घर वाढवायचंय त्यांनी दोन्हीकडे हे आधी वाचावं.

मला विचाराल तर मी हॉलिन हिल्स घेईन, त्या तिरक्या घरांसाठी आणि जुन्या झाडांसाठी. सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्या माझ्या बहिणीला मात्र ग्रीनमेडोच सांगेन.

पाहायला जाताना दिवस निवडून जा. ग्रीनमेडोत जानेवारीत, हीटिंग चालू असताना. घर तापतं ते जमिनीच्या स्लॅबमधल्या गरम पाण्याच्या नळ्यांनी. मोजे काढून सगळ्या खोल्यांतून अनवाणी चाला. एखादा पट्टा गार लागला तर नळ्यांची दाब-चाचणी करून घेतल्याशिवाय सही करू नका. हॉलिन हिल्सला मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा आणि खालच्या मजल्याच्या, डोंगराकडच्या भिंतीवर हात फिरवून ती ओलसर आहे का ते बघा.