बँडकॅम्प: पैसे दिले की गाणं खरंच आपलं
गाणी विकत घेऊन ठेवायची असतील तर बँडकॅम्प ही वेबसाइट बघाच. पैसे भरले की फॉरमॅट कुठला हवा ते विचारतं, एमपीथ्री, फ्लॅक (क्वालिटी न घटवता साठवणारा), वेव्ह, पाहिजे ते घ्या, आणि फाइलला लॉकबिक काही नाही, पेनड्राइव्हवर टाका, जुन्या प्लेअरवर टाका, वाजते. आधी मी ज्या अ‍ॅपवर होतो तिथे डाउनलोड नुसतं नावाला, सबस्क्रिप्शन संपलं आणि सगळी गाणी करडी पडली, फोनमध्ये जागा अडवून बसलेली पण वाजेनात! याला डाउनलोड कसं म्हणायचं?

कंपन्या म्हणतात लॉक नसेल तर पायरसी वाढेल. अहो पण पायरेटेड कॉपीला लॉक नसतंच, त्रास होतो तो पैसे भरणाऱ्यालाच. २००५ मध्ये सोनी बीएमजी या म्युझिक कंपनीच्या सीड्यांनी कॉपी रोखायला लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप रूटकिट (सिस्टिममध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर) टाकलं, शेवटी त्या सीड्या परत मागवाव्या लागल्या. २००७ मध्ये खुद्द अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून लॉक नकोत म्हटलं आणि २००९ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स दुकानातली गाणी मोकळी झाली. कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत यात वादच नाही, बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के कापतं, पेमेंटची फी वेगळी, बाकी सगळं कलाकाराकडे जातं, हे मला फार आवडलं.

मोठ्या लेबलांची गाणी मात्र इथे कमी सापडतात. आणि घेताना फ्लॅकच घ्या, त्यातून एमपीथ्री कधीही बनवता येते, उलटं केलं तर गेलेली क्वालिटी परत येत नाही.